ललिता पवार : त्या एका थपडेच्या गोष्टीने त्यांचे काम झाकून टाकले आहे का?

उंबरठा

मागच्या रविवारी दहावीतल्या भाचीबरोबर 'आनंद' पाहत होते. नर्सिंग होमच्या मेट्रन डिसा पडद्यावर आल्या आणि भाची एकदम म्हणाली, "मावशी, ही तर मंथरा!" २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले तेव्हा ती पाचवीत होती, त्यामुळे ललिता पवार म्हटले की तिला कैकेयीच्या कानाशी लागलेली कुबडी दासीच आठवते. चित्रपट संपल्यावर तिने मोबाइलवर शोध घेतला आणि मला मोठ्याने वाचून दाखवले, ते साधारण आपल्या सर्वांना पाठ आहे : १९४२, 'जंग-ए-आझादी'चे चित्रीकरण, सहकलाकार भगवानदादांनी लगावलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेच्या भूमिका गेल्या आणि हिंदी चित्रपटाला खाष्ट सासू मिळाली. वाचून झाल्यावर भाचीने विचारले, "म्हणजे ती थप्पड बसली नसती, तर या बाई कोणाला माहीतच झाल्या नसत्या का?"

मला त्या प्रश्नाचे उत्तर पटकन देता आले नाही, आणि आल्यावर माझाच राग आला, कारण मीसुद्धा आजवर ही गोष्ट अशीच सांगत आले आहे. १९२८ मध्ये मूकपटात बालकलाकार म्हणून सुरुवात केलेली मुलगी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मंथरा म्हणून घराघरांत पोहोचते, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी आहे, आणि आपण त्या साठ वर्षांचा हिशेब एका सेकंदाच्या अपघाताच्या नावे मांडून मोकळे होतो. माझे मत असे झाले आहे की ती घटना खरी असली आणि तिचे दुःखही खरे असले, तरी त्यांच्या अभिनयाबद्दल ती काहीही सांगत नाही. आपल्याला काय वाटते? आणि आपल्याला त्यांची कोणती भूमिका आठवते, तेही सांगावे. मंथरा सोडून.

शनिवार_पेठ

विषय उत्तम आहे. एक तपशील मांडतो, कारण तो या गोष्टीत सहसा कोणी मांडत नाही. प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ साली प्रदर्शित झाला. गजानन जागीरदार रामशास्त्री होते आणि आनंदीबाई होत्या ललिता पवार. आता अपघात १९४२ चा आणि त्यानंतर तीन वर्षे उपचार चालले, असे जे सर्वत्र लिहिले जाते, ते शब्दशः घेतले तर या आनंदीबाई कुठून आल्या? उपचार तीन वर्षे चालले असतील, त्याबद्दल शंका नाही. परंतु 'तीन वर्षे अंधाऱ्या खोलीत आणि मग एकदम सासू' हा जो सरळ रेषेतला कथाभाग आहे, तो 'रामशास्त्री' पाहिल्यावर टिकत नाही. बाई उपचार घेत होत्या आणि मराठी चित्रपटसृष्टीतल्या सर्वांत मानाच्या संस्थेत, इतिहासातल्या सर्वांत बदनाम स्त्रीची भूमिकाही करत होत्या.

'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई आणि 'भरताला राज्य माग' म्हणणारी मंथरा. राजवाड्यातल्या कारस्थानाचे खाते त्यांच्याकडे त्रेचाळीस वर्षे होते, असे म्हणायला हरकत नाही.

केळेवाली_गंगामाई

माझ्या सदस्यनामावरून माझे मत सुज्ञांच्या लक्षात आलेच असेल. 'श्री ४२०'. भाव करायचा असेल तर पुढच्या हातगाडीवर जावे.

तंबूतला_प्रेक्षक

आमच्या गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा येई. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला आणि मध्ये सुतळीची दोरी. मी सहावीत असताना त्या तंबूत 'सौ दिन सास के' पाहिला. थोरल्या सुनेचा, म्हणजे आशा पारेखचा, छळ सुरू झाला तसा बायकांच्या बाजूने आधी चुकचुकण्याचा, मग शिव्यांचा आणि शेवटी बोटे मोडण्याचा आवाज येऊ लागला. बोटे मोडण्याचा आवाज ऐकू येतो का, असे कोणी विचारेल. पन्नास-साठ बायका एका वेळी कडाकडा मोडू लागल्या की येतो. माझी आजी सर्वांत पुढे होती. तिला स्वतःला चार सुना होत्या आणि चौघींनीही नंतर एकमताने सांगितले की सिनेमातली सासू आजीपेक्षा पुष्कळ सौम्य होती.

मला त्या रात्रीचे जे लख्ख आठवते ते वेगळेच आहे. रीळ बदलण्यासाठी दिवे लागले, तेव्हा शिव्या देणाऱ्या त्याच बायका "पण काय करते बाई, मेलीचं काम चोख आहे" असे एकमेकींना सांगत शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना त्या थपडेविषयी काडीचीही माहिती नव्हती. धागाकर्तीच्या प्रश्नाला माझे उत्तर तेवढेच आहे.

मज्जारज्जू

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. पडद्यावर पाहून कोणाचेही निदान करू नये, हे पहिल्यांदा सांगतो, म्हणजे पुढचे लिहायला मोकळा झालो.

या गोष्टीत 'डोळ्याची नस फुटली' आणि 'चेहऱ्याला पक्षाघात झाला' ही दोन वाक्ये नेहमी जोडून येतात. चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू हलवणारा मज्जातंतू कानाच्या मागून पुढे येतो आणि गालावर पंख्यासारखा पसरतो. त्याला इजा झाली की गाल ओघळतो, तोंड एका बाजूला ओढले जाते आणि डोळा नीट मिटत नाही; लक्षात घ्या, डोळा बारीक होत नाही, उलट उघडा राहतो. मग ललिताबाईंचा डावा डोळा बारीक का दिसतो? डोळ्यालाच झालेली इजा हे एक कारण असू शकेल. दुसरे असे, की इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तेव्हा त्याचे काही धागे चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळतात आणि ओठांकडे जायचा हुकूम पापणीलाही पोहोचतो. अशा रुग्णाने ओठ आवळले, किंवा नुसते हसण्यासाठी तोंड हलवले, की त्या बाजूचा डोळा आपोआप आकसतो. रुग्णाला ते थांबवता येत नाही.

हे त्यांच्या बाबतीत झाले असेलच असा माझा दावा नाही. परंतु झाले असेल, तर टोमणा मारताना त्यांचा जो डोळा बारीक होतो आणि ज्याला आपण सर्व जण 'काय बेरकी नजर आहे' म्हणत आलो, ती नजर त्यांनी लावलेली नसून आपोआप लागलेली असेल. आणि प्रेमळ डिसाबाई रंगवताना तोच डोळा आपल्याला बेरकी वाटू नये, यासाठी त्यांना उरलेल्या सगळ्या चेहऱ्याकडून दुप्पट काम करून घ्यावे लागले असेल. अवघड काय होते, याचा विचार या बाजूनेही करून पाहावा.

तिसरी_घंटा

डॉक्टरसाहेब, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

थपडेविषयी, ज्याने ती खाल्ली आहे त्याच्या वतीने थोडेसे. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत आमचे एक नाटक होते आणि त्यात मला मोठ्या भावाच्या हातची थोबाडीत खायची होती. रंगमंचावरची थोबाडीत ही खरे तर दोघांनी मिळून करायची नक्कल असते : मारणाऱ्याने हात गालापासून वीतभर अंतरावरून न्यायचा, खाणाऱ्याने मान त्याच क्षणी झटकायची आणि आवाज विंगेतून कोणीतरी टाळी वाजवून काढायचा. एक महिना तालमीत हे व्यवस्थित झाले. प्रयोगाच्या दिवशी आमच्या मोठ्या भावाच्या अंगात भूमिका शिरली. विंगेतली टाळी वाजली, पण तिच्याआधी माझा कान वाजला, आणि पुढे दोन दिवस तो वाजतच राहिला. प्रेक्षकांनी मात्र त्या एका जागेला दाद दिली. परीक्षकांनी 'वास्तवदर्शी अभिनय' म्हणून मोठ्या भावाला प्रशस्तिपत्र दिले आणि माझा उल्लेखही केला नाही.

सांगायचे ते इतकेच की असे अपघात दुष्टपणाने होत नाहीत. भगवानदादा त्या वेळी तिशीच्या आतले होते, मारधाडीच्या चित्रपटांच्या मुशीतून वर येत होते, आणि या एका प्रसंगासाठी आपण त्यांना अजून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, हेही मला फारसे न्याय्य वाटत नाही.

सावळी

धागा वाचते आहे आणि अस्वस्थ होते आहे, म्हणून लिहिते.

उंबरठाताई, आपला हेतू चांगला आहे, परंतु थपडेची गोष्ट बाजूला सारण्याच्या उत्साहात आपण सगळे मिळून त्या बाईंची इजाच बाजूला सारत आहोत. सव्वीस वर्षांची एक कमावती स्त्री कामाच्या ठिकाणी जखमी होते. तिच्या व्यवसायात चेहरा हेच भांडवल आहे. त्या काळी चित्रीकरणस्थळी विमा नाही, भरपाई नाही, कोणाकडे तक्रार करण्याची सोय नाही. आणि आपण इथे 'विंगेतली टाळी' आणि 'मारणाऱ्याचा हेतू' यांची चर्चा करत बसलो आहोत. हेतू नव्हता, मान्य. पण ज्याचा हेतू नव्हता त्याला पुढे 'अलबेला'सारखा चित्रपट करून नायक म्हणून मिरवता आले आणि जिला लागले तिला पस्तिशीच्या आत सासू व्हावे लागले, हे वास्तव हेतूने बदलत नाही.

'तिच्या अभिनयाबद्दल ती घटना काहीही सांगत नाही' हे आपले वाक्य मला अजिबात पटलेले नाही. डॉक्टरांच्या प्रतिसादानंतर तर मुळीच नाही.

उंबरठा

सावळी, आपला आक्षेप मी मान्य करते आणि 'काहीही सांगत नाही' हे शब्द मागे घेते. मला खुपते ते एवढेच की ही गोष्ट सांगताना बाईंचे कर्तृत्व नेहमी दुसऱ्याच्या हातून घडल्यासारखे सांगितले जाते. जणू एका हाताने डोळा घेतला आणि त्याच हाताने अभिनय दिला.

एक विचारू का? पस्तिशीच्या आत सासू होण्याचे कारण अपघात हे एकच असेल का? शांतारामबापूंचा 'दहेज' १९५० चा, म्हणजे बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या, आणि त्यांची सून झालेली जयश्री तिशीला टेकलेली. त्या काळात नायिकेला तिशीनंतर असेही कोण विचारत होते?

सावळी

म्हणजे अपघात नसता तरी अन्याय झालाच असता, असे आपले म्हणणे. हे सांत्वन फार विचित्र आहे, पण खोटे नाही.

येवलेकर

आमच्या गावाचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, त्यामुळे नाइलाजाने मध्ये पडतो. ललिता पवार म्हणजे येवल्याच्या अंबा लक्ष्मण सगुण, जन्म १८ एप्रिल १९१६. येवले म्हटले की लोकांना पैठणी आठवते, इतिहासाची आवड असणाऱ्यांना तात्या टोपे आठवतात आणि १९३५ ची बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा आठवते. ललिताबाई कोणालाच आठवत नाहीत. गावातल्या दहा जणांना विचारले तर आठ जण 'त्या पुण्याच्या ना?' असे म्हणतील.

आता धाग्याच्या विषयावर येतो. थपडेच्या गोष्टीत 'नायिकेच्या भूमिका गेल्या' एवढ्या तीन शब्दांत जे गुंडाळले जाते, ते जरा उलगडून पाहू. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात नानासाहेब सरपोतदारांच्या कंपनीत बारा वर्षांची मुलगी काम करू लागते. पगार महिना अठरा रुपये होता असे सांगतात. मूकपटांचे दिवस, म्हणजे आवाजाची मदत नाही, जे काही सांगायचे ते चेहऱ्याने आणि हातांनी. १९३२ मध्ये 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा आहे. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. बोलपट आल्यावर 'हिंमत-ए-मर्दा' (१९३५) सारख्या चित्रपटांत नायिका, आणि स्वतःची गाणी स्वतः म्हणणारी नायिका. पुढे टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर आधारित 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनी स्वतः काढला. विशीच्या आगेमागे असलेली येवल्यातून आलेली मुलगी रशियन कादंबरीवर पैसे लावते, यावर आजही कोणी विश्वास ठेवणार नाही. १९४१ मध्ये मास्टर विनायकांचा, खांडेकरांनी लिहिलेला 'अमृत'.

म्हणजे अपघात झाला तेव्हा त्यांच्या गाठीशी चौदा वर्षांचे काम होते. आजच्या हिशेबात कित्येक नायिकांची संपूर्ण कारकीर्द चौदा वर्षांची नसते. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते इथेच आहे : थप्पड बसण्याआधीच त्या माहीत होत्या. आपणच त्यांना विसरलो आणि मग थपडेपासून मोजायला लागलो.

आकडेमोड

त्यांनी सातशे चित्रपट केले, असे सर्वत्र लिहिलेले असते. साठ-पासष्ट वर्षांत सातशे म्हणजे वर्षाला अकरा. नायिकेला हे अशक्य आहे, चरित्र अभिनेत्रीला नाही. नायिका एका चित्रपटात महिनोन्महिने अडकते. सासूचे काम पंधरा दिवसांत उरकते आणि ती दुसऱ्या सुनेच्या घरी रवाना होते. आकडा कोणी मोजून लिहिला असेल असे मला वाटत नाही, तरी निम्मा धरला तरी आपल्यापैकी कोणीही त्यांचे पाव काम पाहिलेले नाही.

केळेवाली_गंगामाई

वर्षाला अकरा सुना. तंबूतला प्रेक्षक यांच्या आजींचा विक्रम मोडला म्हणायचा.

मुलखावेगळी

सर्वांनी सासूभोवती फेर धरला आहे, म्हणून मी 'सुजाता'कडे (१९५९) लक्ष वेधते. बिमल रॉय यांच्या या चित्रपटात ललिता पवार घरातल्या वृद्ध आत्याबाई आहेत, ज्यांना अस्पृश्य समाजात जन्मलेली मुलगी आपल्या नातलगांच्या घरी वाढते आहे, हे सहन होत नाही. ही भूमिका त्यांनी खलनायिकेसारखी केली असती तर फार सोपे झाले असते. त्यांच्या आत्याबाई मात्र दुष्ट नाहीत. त्या पूजा करतात, घरच्यांवर मनापासून माया करतात, आणि अगदी त्याच श्रद्धेने त्या मुलीची सावली टाळतात. आपल्या सर्वांच्या घरांत अशा आत्या, आज्या, काकू होऊन गेल्या. त्यांनी आपल्याला मांडीवर घेऊन लाडू भरवले आणि कामाच्या बाईला चहा वेगळ्या कपातून दिला. त्या कपाची जागाही ठरलेली असे, मोरीच्या वरच्या कोनाड्यात. 'सुजाता' पाहताना मला आमच्या घरचा तो कान तुटलेला कप आठवला आणि बाईंचा राग येण्याऐवजी स्वतःची लाज वाटली.

त्याच वर्षी 'अनाडी' आला. भाडे थकवले म्हणून राज कपूरवर तोंडाचा पट्टा सोडणारी आणि त्याच दमात त्याच्या जेवणाची काळजी करणारी मिसेस डिसा. फिल्मफेअरचे पारितोषिक 'अनाडी'ला मिळाले, ते योग्यच. पण एकाच वर्षी एक बाई सोवळ्यात आणि दुसरी क्रूस घालून वावरते आणि दोघी एकाच व्यक्तीने केल्या आहेत, याचा पडद्यावर कुठे संशय येत नाही, हे मला त्या बारीक डोळ्याच्या कथेपेक्षा पुष्कळ मोठे वाटते.

शनिवार_पेठ

मुलखावेगळी यांच्या प्रतिसादाला जोड म्हणून : 'आनंद'मधल्या मेट्रनचे नावही डिसाच आहे. हृषीकेश मुखर्जींनी 'अनाडी'तल्या डिसाबाईंना बारा वर्षांनी गणवेश घालून परत आणले, असे मी मनात धरून चालतो. शिस्तीने तोललेला तो आवाज रुग्णासाठी हळूहळू सैल पडत जातो, ते ऐकण्यासारखे आहे. आणि त्या नर्सिंग होमचे मालक-मालकीण म्हणजे रमेश देव आणि सीमा देव. हृषीदांनी मृत्यूची गोष्ट सांगताना अर्धे मराठी घर जमवले होते.

यावरून थोडे विषयांतर करतो, संपादकांनी क्षमा करावी. त्या काळच्या हिंदी पडद्यावरची कुटुंबे पाहा. 'आवारा'त आई लीला चिटणीस, 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई दुर्गा खोटे, असंख्य चित्रपटांत सोशिक आई सुलोचनाबाई, कपटी नणंद किंवा सवत शशिकला, आणि सासू ललिता पवार. घर पंजाबचे असो की लखनौचे, स्वयंपाकघर मराठीच असे. माझ्या मते याचे कारण कोल्हापूर आणि पुण्याच्या चित्रसंस्थांत आहे. या बायकांनी तिथे पगारावर राहून, एकच दृश्य दहा वेळा करून, भूमिका म्हणजे नोकरीइतकीच जबाबदारी असते हे अंगवळणी पाडून घेतले होते. नायिकेचे दिवस सरल्यावर ज्यांना 'आता काय करू' असे वाटले त्या घरी बसल्या. या बसल्या नाहीत.

सावळी

'या बसल्या नाहीत' यात थोडा घरखर्चाचाही भाग असेल, शनिवार_पेठ. सगळेच कलेसाठी नसते. नोकरीइतकीच जबाबदारी म्हणता, तर पगाराचाही विचार करावा.

शनिवार_पेठ

मान्य. हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला, कारण माझ्या पिढीतल्या पुरुषांना घरखर्च दिसत नाही.

न्यू_जर्सीचा_पाहुणा

आपण सर्वांनी त्यांची विनोदाची बाजू विसरून धागा फारच गंभीर केला आहे, म्हणून दुरून एक हाक मारतो. इकडे आमच्या मित्रमंडळींत महिन्यातून एकदा जुना चित्रपट पाहण्याचा प्रघात आहे, आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही 'प्रोफेसर' (१९६२) लावला. म्हाताऱ्या प्राध्यापकाचे सोंग घेतलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात ती करड्या शिस्तीची पालक बाई पडते, तेव्हा आमची इथे जन्मलेली मुले सोफ्यावरून खाली पडून हसत होती. माझी मुलगी मात्र चित्रपट संपल्यावर म्हणाली, "बाबा, तिला शेवटी खरं कळतं तेव्हा कोणी तिला सॉरी म्हणालं का?" मी पुन्हा जाऊन ते दृश्य पाहिले. इतकी वर्षे मी ज्या प्रसंगाला हसत होतो, त्यात त्या बाई हसू येईल असे काहीच करत नाहीत. त्या एका प्रौढ स्त्रीचे प्रेम अगदी प्रामाणिकपणे करतात. हसू येते ते आपल्याला, कारण आपल्याला मिशीखालचा शम्मी माहीत असतो.

'जंगली'तही तसेच. घरात हसायला बंदी करणारी आई त्या इतक्या गांभीर्याने रंगवतात की शम्मीच्या आरोळीला त्यामुळेच धार येते. समोर भिंत नसेल तर चेंडू परत कसा येणार?

तिसरी_घंटा

भिंतीची उपमा नेमकी आहे. आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५' त्यातच जोडा. गुरुदत्तच्या त्या चित्रपटात पुरुषांचा तिटकारा करणारी मधुबालाची आत्या त्यांनी केली आहे. चित्रपट त्या आत्याची टिंगल करतो, घटस्फोटाच्या कायद्याचीही करतो, आणि त्याच्या मताशी आज मी सहमत नाही. परंतु आज पाहताना गंमत अशी होते की चित्रपटापेक्षा आत्याबाईंचेच म्हणणे पटू लागते. पटकथेने ज्या बाईला हरवायचे ठरवले आहे, तिला नटीने एवढे ताठ उभे केले आहे की सत्तर वर्षांनी निकाल फिरला.

मज्जारज्जू

सावळी यांचा आधीचा आक्षेप वाचून मी 'श्री ४२०' पुन्हा पाहिला, फक्त डाव्या डोळ्यासाठी. गंगामाई रस्त्याच्या कडेला बसली आहे, राज कपूर केळ्यांच्या भावावरून घासाघीस करतो आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी विक्रेतीचा राग आणि मग त्याला झाकत येणारी माया आहे. डोळा बारीक आहेच. पण पाच मिनिटांनंतर मी तो पाहायचा विसरलो. निरीक्षण नोंदवायला बसलेला डॉक्टर निरीक्षण विसरला, एवढीच नोंद इथे करतो.

केळेवाली_गंगामाई

डॉक्टर, आता आपण आमचे कायमचे गिऱ्हाईक. भाव तोच राहील.

तंबूतला_प्रेक्षक

एक राहिले. १९८७ साली आमच्या आळीत एकच दूरदर्शन संच होता, आमच्याकडे. रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले की आजी संचाला हार घालून हात जोडून बसे. मंथरा पहिल्यांदा दिसली तेव्हा आजीने जोडलेले हात सोडले, तिच्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाली, "ही तीच. तंबूतली." पद्मा खन्नाच्या कैकेयीला आजीने पुढे दशरथाचा मृत्यू झाल्यावरही थोडीफार माफी दिली, ती पोरसवदा आहे, तिला फूस लावली, असे ती म्हणे. मंथरेला दिली नाही. मात्र मंथरेचा प्रसंग असलेल्या रविवारी ती कोणालाही संचासमोरून उठू देत नसे आणि हार घालायलाही विसरत नसे.

उंबरठा

सर्वांचे आभार. काल भाचीला हा सगळा धागा वाचायला दिला. तिला येवलेकरांचा प्रतिसाद सर्वांत आवडला आणि १९३२ साली सोळा वर्षांच्या मुलीने चित्रपटाच्या निर्मितीत भाग कसा घेतला, याविषयी तिचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. मूकपट पाहायला मिळणार नाही, असे सांगितल्यावर ती हिरमुसली.

मग रात्री आम्ही 'अनाडी' लावला. भेसळीच्या औषधाने डिसाबाई जातात, तिथे भाचीने आधी माझा हात धरला आणि मग दोन-तीन मिनिटांनी हळूच विचारले, "कुठल्या डोळ्याला लागलं होतं म्हणालीस, डाव्या की उजव्या?"

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या तेव्हा मी तिथून दोन बसथांब्यांवर राहत होते, आणि नंतर कट्ट्यावर आम्ही मैत्रिणी त्यांच्याविषयी बोललो ते फक्त त्या थपडेविषयी. शनिवार_पेठ, 'रामशास्त्री' बरा प्रिंट असलेला कुठे पाहता येईल ते आपल्याला ठाऊक असेल तर कळवावे. पुढचा रविवार आम्ही आनंदीबाईंसाठी मोकळा ठेवला आहे.